माझा नंबर नाय

रिक्षात बसायला कुणी पाय उचलला की बुवा आधी हात आडवा करत आणि म्हणत, "माझा नंबर नाय. पुढच्याला जावा." माणूस ओळखीचा असो, घाईत असो, डोक्यावर बॅग धरून पावसात उभा असो, उत्तर तेच. पुढच्या रिक्षाचा मालक टपरीवर चहा पीत बसलेला असला तर बुवा उतरून त्याला बोलावून आणत. तोवर पाहुणा भिजत राही. मी एकदा चिडून म्हटलं, अहो बुवा, माणूस बघा केवढा भिजलाय. तर म्हणाले, "भिजला तर वाळंल, बाय. नंबर मोडला तर काय करायचा?"

भाट्याला समुद्राच्या काठावर एका रिसॉर्टमध्ये मी रिसेप्शनवर बसते. रिसॉर्ट हे मालकांनी दिलेलं नाव. खरं म्हणजे माडाच्या बागेत बांधलेल्या काही खोल्या, एक खानावळ आणि एक तरणतलाव. समोर एवढा समुद्र पसरलेला असताना लोक त्या निळ्या हौदात का डुंबतात ते मला अजून उमगलेलं नाही, पण ते विचारण्याचा पगार मला मिळत नाही. मला पगार मिळतो तो हसून उत्तरं देण्याचा. मॅडम, बीच कुठे आहे? तुमच्या पाठीमागे. आरेवारेला जायला काय मिळेल? रिक्षा. गणपतीपुळ्याहून मालगुंडला चालत जाता येईल का? येईल, पण तुम्ही जाणार नाही. यातलं शेवटचं मी मनात म्हणते.

रिक्षा पाहिजे असली की मी काच सरकवून हात वर करायची. रस्त्यापलीकडेच स्टँड. ओळीत पहिली उभी असलेली रिक्षा वळून आमच्या गेटात यायची आणि मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकायच्या. आलेल्यानं शेवटी लागायचं, पुढच्यानं भाडं घ्यायचं, एवढाच कायदा. तुमच्याही गावात असा स्टँड असेल आणि तिथे या कायद्यावरून रोज भांडणंही होत असतील. आमच्या स्टँडवर होत नसत, कारण तिथे बुवा होते.

बुवा हे काही त्यांचं नाव नव्हे. भजनीबुवा म्हणून बुवा. मूळ गाव आत, संगमेश्वराकडे. बारीक अंगकाठी, खाकी शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि त्या एवढ्याशा छातीतून असा आवाज निघायचा की समुद्राकडून वारा असला तरी खानावळीतल्या आचाऱ्याला ऐकू जायचा. स्टँडवर कुणाची नवी रिक्षा आली, कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचा अपघात टळला की कोपऱ्यातल्या छोट्या देवळीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते बुवांनीच. आपल्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. देवाला सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. एकदा म्हटलं की सगळे बांधले गेले.

आता बुवा फार सत्यवादी होते असं समजू नका. नंबर सोडला तर बाकी सगळ्या बाबतीत ते बिनधास्त थापा मारत. थिबा पॅलेसमध्ये राहणाऱ्या राजाला फणस कसा फोडायचा ते माझ्या पणजोबांनी शिकवलं, असं ते दर पाहुण्याला सांगत. भाट्याच्या पुलावर रिक्षा हळू करून खाडीतला एखादा खडक दाखवत आणि त्याची गोष्ट सांगत. गोष्ट दर वेळी वेगळी. एकदा एका पाहुणीनं मला विचारलं की त्या खडकावर खरंच राजकन्या बसून रडायची का. मी म्हटलं, बुवा म्हणाले तर बसत असेल. ती बाई इतकी खूश झाली की परत जाताना बुवांचीच रिक्षा मागू लागली. बुवांनी हात आडवा केला. त्यांचा नंबर नव्हता.

मग ते ॲप आलं. कुठलं ते सांगून काय करायचंय, सगळी एकाच माळेची. सुरुवातीला आम्ही हसलो. पाहुणे माझ्यासमोर उभं राहून, मला काही न विचारता, मोबाईलवर बोट फिरवत आणि म्हणत, चार मिनिटांत येतोय. कोण येतोय ते त्यांनाही ठाऊक नसे. मी काच सरकवायला उचललेला हात तसाच खाली घ्यायची. गावातले नवे रिक्षावाले, कुठल्याच स्टँडवर नसलेले, भाडी घेऊन भुर्रकन जात. आमच्या स्टँडची ओळ सकाळी होती तशीच दुपारी असायची. पुढे वादावादी नको म्हणून आमच्या मालकांनी ॲपवाल्यांना मागचं गेट दिलं, सुरूच्या बनाकडचं. पाहुणे तिकडून बसायचे आणि स्टँडला दिसायचेही नाहीत.

स्टँडवाल्यांची बैठक झाली. दोघा-तिघांचं मत होतं की आपणही मोबाईलवर नाव घालावं. बुवा उठले आणि म्हणाले, मोबाईल नुसता जवळ कोण हाय ते बगतो, अगोदर कोण आलाय ते बगत नाय. नंबर गेला तर आपण काय उरलो? मग त्यांनी नारळ मागवला. काच उघडी होती, मी सगळं ऐकलं. "बा देवा महाराजा," बुवांचा आवाज लागला, "ह्या स्टँडाची रीत तुझ्या साक्षीनं चालत आली. आता जो कोण मोबायलातल्या भाड्याच्या मागं लागून ही रीत मोडंल, त्याला ह्या लायनीत उभं ऱ्हायला जागा देऊ नको, महाराजा." सगळ्यांनी टोप्या काढून 'व्हय महाराजा' म्हटलं. आमचा वॉचमनही म्हणाला, त्याचा काही संबंध नसताना.

शब्द दिला तो दिला, पण ओळ काही हलेना. बाकीचे पत्ते खेळत, झोपा काढत. बुवांना ते जमेना. त्यांना पैशापेक्षा माणूस लागायचा, रिक्षात मागे बसलेला, 'अय्या, खरंच?' म्हणणारा. दिवसभर स्टेअरिंगवर हनुवटी टेकून बसत आणि मला दिसे की ओठ हलतायत. खडकाची नवीन गोष्ट जुळवत असावेत. ऐकायला कुणी नव्हतं.

गणपतीनंतर बुवांची रिक्षा स्टँडवरून मधूनच गायब व्हायला लागली. कुणी विचारलं तर म्हणत, सीएनजीच्या लायनीत होतो. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला यापेक्षा पटणारं कारण नाही. पंपावर लागलेला माणूस कधी सुटेल ते ब्रह्मदेवाला सांगता येत नाही. त्यामुळे कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

एका दुपारी खोली सोडून गेलेलं एक जोडपं चार्जर विसरलं म्हणून मी मागच्या गेटकडे धावले. रिक्षा निघायच्या बेतात होती. मी चार्जर मुलीच्या हातात दिला आणि समोर बघितलं. पुढच्या सीटवर, भर ऑक्टोबरच्या उन्हात, माकडटोपी घातलेला माणूस. काचेवरच्या स्टँडच्या नावावर पंचा वाळत घातलेला. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मला हसू आलं, आणि मग त्यांचे डोळे दिसले आणि हसू तिथंच राहिलं. "चुकून दाबला गेला, बाय," बुवा म्हणाले. मी म्हटलं, जा बुवा, पाहुण्यांची गाडी चुकेल.

संध्याकाळी ते पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून रिसेप्शनवर आले. मुंबईची लेक गणपतीला आली होती, तिनं हे मोबाईलमध्ये घालून दिलं. बाबा, उन्हात कशाला बसून राहता, म्हणाली. एकदा गंमत म्हणून दाबलं, एक कुटुंब घेऊन पुळ्याला गेले, वाटेत एक अभंग म्हटला. उतरल्यावर त्या लोकांनी मोबाईलवर तारे दिले. हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला की मला ऐकवेना. सगळं आयुष्य या माणसानं भजनं म्हटली, त्याला कुणी तारा दिला नव्हता. मग खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "बाय, इंग्रजीत काय लिवलाय ते वाच जरा."

मी वाचलं. ड्रायव्हर काका छान, गाणं फार छान, थोडे उशिरा आले. 'थोडे उशिरा आले' मी गाळलं. पुढे हे रोजचंच झालं. बुवा बाटली घेऊन येत, मी वाचून दाखवी, आणि खरं सांगते, कमी पडलं तर पदरचं घाली. एकानं नुसतं 'गुड' लिहिलं होतं, त्याचं मी 'असा आवाज आयुष्यात ऐकला नाही' असं भाषांतर केलं. बुवांनी मोबाईल कपाळाला लावला. मग बाहेर पाहून म्हणाले, "मी शब्द खाल्लाय, बाय. मीच घातलेला." मी म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय, तुम्हीही स्टँडवरच उभे असता की. माझा तोच स्वभाव. दुसऱ्याची चूक मला चटकन लहान करून देता येते.

बिघडलं ते महेशचं. स्टँडवरचा सर्वांत नवा गडी, तिशीचा, घरी दोन लहान मुली. बायको देते तो डबा घेऊन दुपारी तो सुरूच्या बनात सावलीला जायचा आणि जेवून तिथेच रिक्षात पाय पसरायचा. एक मासेवाली स्टँडवर बोलून गेली की तुमच्यातलीच एक रिक्षा मागच्या गेटवरून भाडी उचलते, मी डोळ्यांनी पाहिली, पाटीवरचा नंबर नाही बघितला. सगळ्यांनी महेशकडे पाहिलं. मोबाईल त्यालाच सगळ्यांत जास्त कळायचा, बनात तोच जायचा, नवाही तोच. तो मुलींच्या शपथा घेत राहिला. कुणीतरी म्हणालं, बुवा, तुम्ही सांगा आता काय करायचं.

त्या क्षणी बुवांना तोंड उघडता आलं असतं. मलाही आलं असतं. मी काचेआड बसून आगाऊ बुकिंगचे फोन घेत होते, इतक्या उत्साहानं की तसे मी कधीच घेतले नसतील. बुवा म्हणाले, देवाला कौल लावू.

कौल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावदेवाच्या पाषाणाला गुरव दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतात. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं ठरतात, जमिनीची भांडणं मिटतात, त्याच्यावर अपील नाही. सगळा स्टँड देवळात गेला. प्रश्न बुवांनीच घातला, की महेशनं रीत मोडली असली तर उजवा दे, महाराजा. मी तिथे नव्हते. मागून वॉचमननं सांगितलं की पाकळ्या बराच वेळ हलल्याच नाहीत, घामानं बुवांचा शर्ट पाठीला चिकटला, आणि मग उजवी पडली.

महेश आपली रिक्षा ओळीतून काढून घेऊन गेला. भांडला नाही. देवापुढे कोण भांडणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा बाटली न घेता आले. माझ्यापुढे खुर्ची असते, पाहुण्यांची, तिच्यावर ते कधी बसत नसत. त्या दिवशी बसले. मोबाईलमधलं ते सगळं काढून टाकलं, म्हणाले. कौल पडल्याबरोबर देवळाच्या मागे जाऊन पुसून टाकलं. मी कसंबसं म्हटलं, बुवा, देवाचीसुद्धा कधी चूक होत असेल.

"देवाची चूक नाय," ते म्हणाले. "तोंडानं मी महेशचा विचारत होतो, नि मनात म्हणत होतो, उजवी पाड, महाराजा, माझी अब्रू ऱ्हाऊंदे, उजवी पाड. देव तोंडाचा आयकत नाय, बाय. मनातला आयकतो. त्यानं माझा आयकला."

पंखा फिरत होता आणि तलावात कुणाची तरी मुलं ओरडत होती. बुवा उठले, शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि रस्ता ओलांडून थेट स्टँडवर गेले. मी उभी राहून बघत होते. त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आणि पुढे जे झालं ते आमच्याच मुलखात होऊ शकतं. कुणी त्यांच्यावर विश्वासच ठेवला नाही. देवानं महेश म्हटलंय आणि बुवा म्हणतात मी? एक म्हणाला, पोराच्या मुलींची दया आली बुवांना. दुसरा त्यांच्या पाया पडला. मोबाईल दाखवा म्हणाले, तर मोबाईल पुसलेला. बुवा जितकं जीव तोडून सांगत तितके लोक त्यांना मोठं करत गेले. चहा मागवला त्यांच्यासाठी.

ते परत आले तेव्हा रडत होते. त्या वयाचा माणूस रडताना कुठे बघायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणाले, "तू एकटीनं बगितलाय. तू सांग त्यांना."

मला जायचं नव्हतं. खरं बोलायला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मी बोलले की बुवांची जागा जाणार होती. नंबर हे त्या माणसाचं सगळं होतं, आणि तो मी माझ्या तोंडानं काढून घ्यायचा होता. नाही बोलले तर महेश घरी बसणार होता, त्याच्या मुलींना वाटणार होतं की बाप लबाड. मी म्हटलं, बुवा, उद्या जाते. ते म्हणाले, आज त्याच्या घरी चूल कशी पेटली असंल ते इचार. मी पदर खोचला आणि गेले. महेशलाही बोलावून घेतलं.

सगळे उठून उभे राहिले, स्टँडवर मी कधी गेले नव्हते. मी म्हटलं, बुवा खरं बोलतायत, मागच्या गेटवर मी त्यांना पाहिलंय. कुणीतरी म्हणालं, मॅडम, बुवांनी पढवलंय तुम्हाला. मग मला पुढचंही सांगावं लागलं, की लोक त्यांच्याबद्दल काय लिहितात ते मी रोज त्यांना वाचून दाखवत होते. बुवा खाली मान घालून उभे होते. महेश माझ्याकडे बघत होता, बुवांकडे नव्हे.

"म्हणजे मी शपथा घेत होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं, ताई?"

होतं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तो प्रश्न त्यानं पुन्हा कधी विचारला नाही. पण आजही तो गेटात रिक्षा घेऊन आला की माझी मान आपोआप रजिस्टरात जाते.

कुणी बुवांना जा म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच रिक्षा ढकलत ओळीतून बाहेर काढली, सुरूसुद्धा केली नाही. रस्ता ओलांडून आमच्या कुंपणाशी बदामाच्या झाडाखाली उभी केली. महेशची रिक्षा ओळीत लागली. सगळ्यांनी तोंडं फिरवली. मला वाटलं ती रागानं, पण मग दिसलं की दोघं-तिघं डोळे पुसत होते.

तिथून पुढे बुवांची जागा तीच. सकाळी यायचे आणि ओळीकडे तोंड करून बदामाखाली बसायचे. चालत्या रस्त्यात कुणी हात केला, बाजारहाट करून आलेली म्हातारी, दवाखान्यातून सुटलेला माणूस, तर न्यायचे. पण आमच्या गेटातून बाहेर पडलेला पाहुणा जवळ आहे म्हणून त्यांच्याकडे वळला की हात आडवा होई. माझा नंबर नाय. रस्त्यापलीकडे ओळीकडे बोट दाखवत. थापा बंद झाल्या. भजनाला मागे बसायला लागले, झांज घेऊन. आणि या सगळ्यात मी काचेतून सरळ बघितलं तर मला तेच दिसायचे, माझ्या खरं बोलण्याचं फळ. मी टेबल थोडं फिरवून घेतलं. मालकांना सांगितलं, डोळ्यावर ऊन येतं.

महिन्याभरात स्टँडचा राग उतरला. उतरणारच, आपली माणसं. या बुवा लायनीत, म्हणून विनवायला लागले. महेश स्वतः जाऊन आला. बुवा म्हणत, गाऱ्हाणं घातलंय, ते उतरवल्याशिवाय कसा येऊ? मग उतरवा की. तिथेच गाडं अडलं. गाऱ्हाण्याला जीभ लागते, ती स्टँडवर एकट्या बुवांना होती, आणि स्वतःसाठी देवाकडे मागायला ते तयार नव्हते. एकदा मागितलं होतं, म्हणाले, ते पुरं झालं.

थंडीत त्यांनी खोकला धरला. लेक मुंबईला न्यायला आली तर गेले नाहीत, गावी संगमेश्वराकडे भावाच्या घरी गेले. बदामाखालची जागा मोकळी झाली. मला टेबल पुन्हा सरळ करता आलं असतं. नाही केलं.

एक दिवस महेश रिसेप्शनवर आला आणि तिथेच उभा राहिला. म्हणाला, ताई, गाऱ्हाणं मी घालतो, पण मला शब्द येत नाहीत. तुम्ही बुवांचं खिडकीतून ऐकायचात. मी आठवेल तसं सांगितलं. तो दुपारचा डबा सोडून माझ्यासमोर पाठ करत बसे, मी चुका काढी. त्यातल्या माझ्या किती आणि त्याच्या किती, देव जाणे. आणि मग एका सकाळी नारळ ठेवून त्यानं चिरक्या आवाजात, दोनदा अडखळून, घातलं. ज्यानं शब्द घातला, मोडला आणि आपण होऊन कबूल केला, त्याला त्याची जागा परत दे, महाराजा. रस्त्याच्या या बाजूला मीही 'व्हय महाराजा' म्हटलं.

नारळाचं शकल घेऊन महेशच्या रिक्षातून आम्ही दोघं बुवांच्या गावी गेलो. पडवीत खाटेवर होते, आधीच बारीक, आता नुसता शर्ट उरलेला. बटण मात्र लावलेलं. महेशनं खोबरं हातात दिलं आणि सगळं सांगितलं. बुवांनी डोळे मिटून गाऱ्हाणं पुन्हा म्हणायला लावलं. महेशनं म्हटलं. मध्येच बुवांनी बोट वर केलं. चूक माफ कर, असं नाय म्हणायचा, चूक पदरात घे म्हणायचा. महेशनं सुधारून म्हटलं. बुवांनी खोबऱ्याचा कण तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले.

"बुवा, या आता," महेश म्हणाला. "पहिला नंबर तुमचा ठेवलाय."

"पयला कसा?" बुवांचे डोळे उघडले, आणि क्षणभर तो जुना आवाज आला. "मी आता आलोय. शेवटचा लाव."

निघताना मी त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हटलं, बुवा, माझंही काय ते पदरात घ्या. ते म्हणाले, तू काय केलंस, बाय, तू तर तारे दिलेस. मला मग त्यांना सांगायलाच हवं होतं की त्यातले अर्धे माझे होते, लोकांनी तेवढं लिहिलं नव्हतं. मी नाही सांगितलं. शिमग्याच्या आधी बुवा गेले.

आता हंगाम जोरात आहे. पाहुणे मोबाईलवर बोट फिरवतात, मागच्या गेटवर रिक्षा येतात आणि जातात. त्यातूनही कुणी मला विचारलंच तर मी काच सरकवून हात वर करते. पहिली रिक्षा वळते, बाकीच्या पुढे सरकतात. ओळीच्या अगदी शेवटी, शेवटच्या रिक्षाच्या मागे, एका रिक्षाची जागा मोकळी असते. ओळ पुढे गेली की ती जागाही पुढे जाते, आणि नवीन रिक्षा येऊन शेवटच्याला लागली की मोकळी जागा तिच्या मागे सरकते. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही.

परवा एक मोठी पांढरी गाडी नेमकी त्या जागेत शिरायला लागली. महेशनं धावत जाऊन हात आडवा केला. इथे नका लावू साहेब, म्हणाला, नंबर आहे. गाडीवाल्यानं काच खाली करून इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, कुणाचा नंबर, इथे तर रिक्षाच नाही.

"येतायत," महेश म्हणाला. "सीएनजीच्या लायनीत आहेत."